रात्री दोन वाजता 100 वरून येणारा फोन : आयपी फोन बसवून देणाऱ्यांना खुले पत्र

मुंबईत आयपी फोन (इंटरनेटवरून चालणारे फोन), इंटरकॉम आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची यंत्रं बसवून देणाऱ्या सर्व व्हेंडर आणि तंत्रज्ञ मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

1982 साली मी मुंबईच्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. पुढे 1986 मध्ये खात्याचं एमटीएनएल झालं, परगावचे कॉल जोडणारे ट्रंक बोर्ड इतिहासजमा झाले, आणि जानेवारी 2020 मध्ये हजारो सहकाऱ्यांबरोबर मीही स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आले. घर गिरगावात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनं धर्मादाय प्रसूतिगृह आहे. तिथले फोन आणि नोंदवह्या मी सांभाळते. पगार घेत नाही. माझी दोन्ही मुलं तिथेच जन्मली, एवढं कारण मला पुरेसं आहे.

हे पत्र मी पोलिसांना, दूरसंचार नियामक ट्रायला किंवा फोन कंपनीला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, कारण ज्या त्रासाबद्दल सांगायचं आहे तो थांबवणं तुमच्या हातात आहे. यंत्र भिंतीवर चढवल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं लागतात. ती दिली जात नाहीत म्हणून काय होतं, ते मी वर्षभर डोळ्यांनी पाहिलं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या रात्रीच्या काउंटरवरचा फोन पहाटे दोन-सव्वादोनच्या सुमाराला वाजायला लागला. स्क्रीनवर आकडा दिसायचा : 100.

मुंबईत वाढलेल्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. 100 म्हणजे पोलीस. 101 म्हणजे फायर ब्रिगेड. 102 आणि 108 म्हणजे रुग्णवाहिका. आमच्या पिढीला तर 180 म्हणजे ट्रंक बुकिंग, 197 म्हणजे नंबरची चौकशी आणि 198 म्हणजे फोन नादुरुस्त झाल्याची तक्रार, हेही झोपेत पाठ. आता 112 आला असला तरी 100 दिसला की छातीत धस्स होतं ते होतंच. त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या सिस्टर चिपळूणच्या आहेत आणि त्यांचा धाकटा भाऊ मुंबई-गोवा रस्त्यावर रात्रीचा टेम्पो चालवतो. त्यांनी फोन उचलला तेव्हा त्यांचे हात कापत होते असं त्यांनीच मला सांगितलं. पलीकडे कुणीच नव्हतं. खरखर नाही, श्वास नाही, काही नाही. त्यांनी लगेच भावाला फोन लावला. तो उचलेपर्यंत जी चार-पाच मिनिटं गेली, त्याबद्दल त्या अजूनही बोलत नाहीत.

दुसऱ्या रात्री पुन्हा 100. मग 101. मग एका रात्री 1001, लागोपाठ सहा वेळा. उचलला तर शांतता, नाही उचलला तर थोडा वेळ वाजून बंद. सध्या पोलिसांच्या नावाने माणसांना घाबरवून लुटण्याचे प्रकार इतके वाढले आहेत की 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांना 'डिजिटल अटके'बद्दल लोकांना सावध करावं लागलं. अशा दिवसांत पहाटे दोनला 100 आकडा दाखवणारा फोन म्हणजे काय, हे सांगायला नको. आमच्या मावशींनी काउंटरच्या खणात अंगाऱ्याची पुडी ठेवली. मी त्यांना काढायला सांगितली नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका नव्या सिस्टरने फोनची नेटवर्कची वायरच काढून ठेवली. वॉर्डात त्या रात्री दोन बाळंतिणी होत्या, एक बाळ कावीळ होऊन दिव्याखाली ठेवलेलं, आणि फोन दर वीस मिनिटांनी वाजत होता. मी त्या मुलीला दोष देत नाही. पण वायर काढली की त्या फोनची वीजही जाते, तो पूर्ण मरतो. पहाटे साडेतीनला खेतवाडीतून एक नवरा फोन लावत राहिला, बायकोला कळा सुरू झाल्या होत्या, पाणी गेलं होतं. फोन लागेना. शेवटी तो तिला टॅक्सीत घालून तसाच घेऊन आला. डॉक्टरांना बोलावणं त्यानंतर गेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण ती रात्र आमच्या वहीत लिहिलेली आहे आणि ती मी कुणालाही पुसू देणार नाही.

मग सुरू झाली आमची वणवण. इंटरनेट देणारे म्हणाले, लाइन स्वच्छ आहे. नंबर ज्यांच्याकडून घेतला ते म्हणाले, त्या वेळी तुमच्या नंबरवर आमच्याकडून एकही कॉल गेलेला नाही, रेकॉर्ड पाहा. पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी नीट ऐकून घेतलं, कंट्रोल रूम अशी मुकी घंटी वाजवत नाही म्हणाले, अर्ज ठेवून घेतला. 1909 वर तक्रार करायची तर ती जाहिरातीच्या कॉलसाठी असते, आणि तिथे फोन करणाऱ्याचा खरा नंबर लागतो. तो आमच्याकडे नव्हताच. आणि ज्यांनी यंत्रं बसवली होती, त्यांचा मुलगा येऊन पाच मिनिटं फोनकडे बघून म्हणाला, व्हायरस आहे, दोन्ही फोन बदलावे लागतील. कोटेशन दुसऱ्या दिवशी आलं.

माझं मन अडकलं ते कंपनीच्या रेकॉर्डपाशी. एक्सचेंजमध्ये आयुष्य काढलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : घंटी वाजली म्हणजे ती कुणीतरी वाजवली, आणि वाजवणारं एक्सचेंज असेल तर त्याची नोंद असणारच. घंटी वाजते आहे आणि नोंद नाही, याचा एकच अर्थ निघतो. कॉल एक्सचेंजमधून आलेलाच नाही. शिवाय वाजत होता तो फक्त काउंटरवरचा फोन. वरच्या मजल्यावरचा दुसरा फोन त्याच नंबरवर असूनही गप्प होता.

माझ्या मैत्रिणीचा नातू नेटवर्किंग शिकतो. एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन आला. आम्ही दोघं रात्री अकरापासून काउंटरमागे बसलो, आणि फोनकडे जाणारी-येणारी प्रत्येक ओळ तो पडद्यावर दाखवत होता. एक वाजून पन्नास मिनिटांनी घंटी वाजली आणि त्याने बोट ठेवलं. परदेशातल्या कुठल्याशा पत्त्यावरून एक निरोप थेट आमच्या फोनपर्यंत आला होता. निरोपात पाठवणाऱ्याचं नाव म्हणून 100 लिहिलेलं. आणि खाली, कुठल्या सॉफ्टवेअरने पाठवला त्या रकान्यात : 'फ्रेंडली स्कॅनर'.

तुमच्यातल्या जाणत्यांना हे नाव माहीत असेल. 'सिपव्हिशस' नावाचं फुकट मिळणारं एक साधन आहे. आपलीच फोन यंत्रणा कच्ची आहे का ते तपासता यावं म्हणून ते बनवलं गेलं. ते स्वतःची ओळख 'फ्रेंडली स्कॅनर' अशी देतं, आणि मूळ मांडणीत त्याचा पाठवणारा 100 असतो. जगभरच्या पुष्कळ ऑफिसांत एक्स्टेंशनची, म्हणजे आतल्या फोनच्या नंबरांची, सुरुवात 100 पासून होते. मग 101, 102, 1000, 1001. पाठवणाऱ्याला मुंबई माहीत नाही, आमचं प्रसूतिगृह माहीत नाही, आणि इथे 100 आकडा पाहून कुणाच्या पोटात गोळा येतो हे तर त्याच्या गावीही नाही. पण तो गोळा येतो, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही याच शहरातले आहात.

जुन्या फोनला एक्सचेंजकडे जाणारी तारांची एकच जोडी असायची. त्या जोडीवरून एक्सचेंजशिवाय दुसरं कुणीही घंटी वाजवू शकत नसे. आयपी फोनचं तसं नाही. तो स्वतः कान उघडे ठेवून बसलेला असतो. त्याची भाषा एसआयपी. जून 2002 मध्ये तिचे आजचे नियम ठरले, आणि त्या नियमांत एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला थेट हाक मारणं अगदी कायदेशीर आहे. 5060 या दारावर (तुमच्या भाषेत पोर्टवर) कुणीही येऊन 'इन्व्हाइट' म्हटलं, की फोन आधी 180 असं उत्तर देतो, म्हणजे घंटी वाजते आहे. आणि उचलला की 200, म्हणजे जोडलं गेलं. (180 वाचून मला क्षणभर भरून आलं. त्या आकड्यावर मी किती वर्षं ट्रंक बुकिंग घेतलं असेल.) स्कॅनरला बोलायचं नसतंच. त्याला हवं असतं ते हे उत्तर. म्हणून पलीकडे शांतता.

आणि हे कुणी आम्हाला निवडून करत नाही. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्या आहे सुमारे 429 कोटी. 2013 साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की वेगवान जोडणी असेल तर एकच संगणक 45 मिनिटांच्या आत त्यातल्या जवळपास प्रत्येक पत्त्याचं एखादं दार ठोठावून येऊ शकतो. म्हणजे तुम्ही सकाळी एखाद्या दवाखान्यात फोन बसवलात, दार उघडं ठेवून निघालात, तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी ते ठोठावलेलं असेल असंच धरून चला.

कशासाठी ठोठावतात, हेही सांगते, कारण यंत्रं घेणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. त्यांना शोधायची असते अशी यंत्रणा, जिच्यातून पुढे फोन लावता येईल. आयपी पीबीएक्स, म्हणजे ऑफिसचं स्वतःचं छोटं एक्सचेंज, सापडला, एक्स्टेंशन 101 चा पासवर्डही 101 किंवा 1234 निघाला, की त्यातून परदेशातल्या महागड्या नंबरांवर शेकडो मिनिटं फिरवली जातात. त्या नंबरांच्या कमाईत त्यांचा वाटा असतो, बिल तुमच्या गिऱ्हाइकाच्या नावावर येतं. हे उद्योग बहुतेक रात्री आणि सुट्टीच्या दिवशी चालतात, ऑफिसात कुणी नसताना. काउंटरच्या साध्या फोनमधून त्यांना असं काही मिळत नाही, ते फक्त झोप मोडून पुढे जातात. पण वाजणारी प्रत्येक मुकी घंटी सांगत असते की इथलं दार उघडं आहे. आमच्याकडे पीबीएक्स इंटरनेटवर नव्हता हे आमचं नशीब. फोर्टमधल्या सीएच्या ऑफिसात, झवेरी बाजारातल्या पेढीवर, दादरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तो असू शकतो, आणि तिथेही तुमच्यापैकीच कुणी यंत्रं बसवलेली असतात.

आता माझ्या रागाचा विषय. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत एका देणगीदारांनी दिलेलं व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचं यंत्र आहे. मोठा टीव्ही, वर फिरणारा कॅमेरा. आठवड्यातून दोनदा बाहेरचे तज्ज्ञ डॉक्टर त्यावरून अवघड केसेस बघतात. त्याच खोलीत पडद्याआड तपासणीचं टेबल आहे, कारण आमच्याकडे जागा तेवढीच. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी सिस्टर टेबलावरची चादर बदलत असताना टीव्ही आपोआप उजळला, कॅमेऱ्यावरचा दिवा लागला आणि कॅमेरा वळला. पडद्यावर काळी चौकट, फोन करणाऱ्याचं नाव एका यंत्र कंपनीचं. मिनिटभराने सगळं बंद झालं. टेबलावर त्या वेळी कुणी नव्हतं. अर्ध्या तासापूर्वी होतं.

मैत्रिणीचा नातू दुसऱ्या रविवारी ते उघडून बसला. यंत्राला थेट पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून कुणालाही गाठता येईल असा पत्ता, दिलेला. एच.323 ही व्हिडिओ कॉलची जुनी पद्धत चालू, तिचं दार 1720, सताड उघडं. आणि 'ऑटो आन्सर' चालू, म्हणजे कुणाचाही कॉल आला की यंत्र स्वतःहून उचलणार, कॅमेऱ्यासकट. आमच्यापैकी कुणीही एच.323 वापरत नव्हतं. ते काय असतं हेही आम्हाला माहीत नव्हतं.

ही काही नवी गोष्ट नाही. जानेवारी 2012 मध्ये एच. डी. मूर या अमेरिकन सुरक्षा-तज्ज्ञाने इंटरनेटचा एक छोटा तुकडा तपासला, तेव्हा कुणीही बाहेरून शिरू शकेल अशा सुमारे 5,000 बैठकीच्या खोल्या त्याला सापडल्या. वकिलांच्या कचेऱ्या, दवाखाने, मोठमोठ्या कंपन्या. त्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने छापली होती. त्यातली मुख्य कारणं तीच होती जी आमच्या पहिल्या मजल्यावर निघाली : यंत्र फायरवॉलच्या (नको ते अडवणाऱ्या पहाऱ्याच्या) बाहेर आणि ऑटो आन्सर चालू.

तुम्ही तसं का करता, ते मी समजून घेतलं आहे. एच.323 बोलणं सुरू करताना नवनवी दारं मागत जातं, राऊटरला ते झेपत नाही, चित्र येतं पण आवाज येत नाही, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असतं, संध्याकाळी दुसरी साइट असते. मग यंत्र डीएमझेडमध्ये, म्हणजे राऊटरच्या संरक्षणाबाहेर, टाकलं की सगळं एका क्षणात चालतं. काउंटरच्या फोनचंही तेच झालं होतं. सुरुवातीला एका बाजूचा आवाज येत नव्हता म्हणून 5060 चं पोर्ट फॉरवर्ड करून ठेवलं, म्हणजे त्या दारावर बाहेरून येणारं सगळं थेट फोनकडे वळवलं, आवाज आला, आणि मंडळी सही घेऊन गेली. लाइनमन म्हणून काम केलेल्या माझ्या नवऱ्यानेही आयुष्यभर हीच घाई सोसली. पण तो खांबावरून उतरताना पेटीचं झाकण लावून उतरायचा.

आमच्याकडे शेवटी काय केलं ते सविस्तर लिहिते, कारण यातलं काहीही विकत घ्यावं लागलं नाही.

पहिल्यांदा राऊटरमधलं 5060 चं फॉरवर्ड काढलं. बऱ्याच जणांना वाटतं की ते काढलं तर येणारे फोन बंद होतील. होत नाहीत. फोन स्वतःच दर थोड्या वेळाने कंपनीच्या सर्व्हरला 'मी इथे आहे' म्हणून हाक घालतो. ती हाक ज्या वाटेने बाहेर जाते, ती वाट राऊटर काही काळ उघडी ठेवतो आणि येणारा खरा कॉल त्याच वाटेने आत येतो. आमचा एकही कॉल त्या दिवसापासून अडलेला नाही. आवाजाची मूळची अडचण निघाली राऊटरमधल्या 'एसआयपी एएलजी' नावाच्या सोयीमुळे. ती एसआयपीच्या निरोपांत मधेच हात घालते आणि पुष्कळदा बिघाडच करते. बंद केल्यावर दोन्ही बाजूंचा आवाज नीट आला. म्हणजे पोर्ट फॉरवर्डची गरज पहिल्या दिवशीही नव्हती.

पण एवढ्यावर थांबू नका. काही राऊटर ती उघडी ठेवलेली वाट फक्त कंपनीच्या सर्व्हरसाठी राखत नाहीत, त्या वाटेने कुणालाही आत येऊ देतात. म्हणून आम्ही फोन देणाऱ्या कंपनीला एक ईमेल करून त्यांच्या सर्व्हरचे पत्ते मागितले. दोन दिवसांत आले. फायरवॉलमध्ये नियम घातला : फोनच्या दारावर फक्त या पत्त्यांवरून आलेलंच आत घ्यायचं.

मग खुद्द फोन. बहुतेक सगळ्या फोनमध्ये यासाठी सेटिंग असतं, फक्त कंपनीगणिक नाव वेगळं. येलिंकमध्ये 'अ‍ॅक्सेप्ट एसआयपी ट्रस्ट सर्व्हर ओन्ली' शोधा आणि 'अलाऊ आयपी कॉल' बंद करा. ग्रँडस्ट्रीममध्ये 'अ‍ॅक्सेप्ट इनकमिंग एसआयपी फ्रॉम प्रॉक्सी ओन्ली'. अर्थ एकच : माझ्या सर्व्हरकडून आलेल्या हाकेलाच मी ओ देईन. दोन टिचक्यांचं काम आहे. मला सर्वांत जास्त वाईट याचंच वाटतं की ही खूण फोनमध्ये होती, आम्ही वर्षभर त्या फोनसमोर बसलो होतो, आणि कुणी आम्हाला ती दाखवली नाही.

पोर्ट 5060 बदलून भलताच आकडा द्या, असा एक सल्ला फार चालतो. द्या, हरकत नाही, स्कॅनर बराच कमी होतो. पण दार मागच्या बाजूला नेलं म्हणजे त्याला कुलूप लागलं असं होत नाही. 5061, 5070, 5080 ही तर ठोठावणाऱ्यांच्या यादीत असतातच. येईल तो पत्ता ब्लॉक करत बसायचं, हेही व्यर्थ. उद्या दुसऱ्या पत्त्यावरून येतात. 100 हा नंबर ब्लॉक करा असं आम्हाला सांगितलं गेलं होतं, तेव्हा पुढच्या रात्री 1001 आला. आणि 'डू नॉट डिस्टर्ब' लावा असं तर दवाखान्याला, अग्निशमन केंद्राला, वृद्धाश्रमाला कधीही, कधीही सांगू नका. आमचा फोन रात्री वाजावा म्हणूनच तिथे ठेवलेला आहे.

ज्यांच्याकडे अ‍ॅस्टरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणारा पीबीएक्स आहे, त्यांचं 'अलाऊ गेस्ट' (अनोळखी कॉल आत घेण्याची मुभा) बंद करा, प्रत्येक एक्स्टेंशनला लांब आणि वेगळा पासवर्ड द्या, चुकीचे प्रयत्न करणाऱ्याला आपोआप बाहेर काढणारं 'फेल टू बॅन' लावा, आणि परदेशी कॉलची गरज नसेल तर कंपनीकडूनच तो मार्ग बंद करून घ्या. प्रसूतिगृहाला पहाटे तीनला दुसऱ्या खंडात फोन लावायचा नसतो.

व्हिडिओच्या यंत्राचं सांगते. ऑटो आन्सर त्याच क्षणी बंद केलं. एच.323 पूर्ण बंद. यंत्र फायरवॉलच्या आत आणलं आणि ते आता स्वतःहून बाहेर मीटिंगला जोडलं जातं. बाहेरून त्याला कुणी हाक मारू शकत नाही. ज्यांना बाहेरून येणारे कॉल घ्यावेच लागतात, त्यांच्यासाठी गेटकीपर (कॉलची वाट ठरवणारा सर्व्हर) आणि एच.460 (फायरवॉलमधून कॉल नेण्याची पद्धत) यांची सोय बऱ्याच वर्षांपासून आहे, आणि मोठ्या संस्थांना सेशन बॉर्डर कंट्रोलर, म्हणजे कॉलसाठी वेशीवर बसवलेलं पहाऱ्याचं यंत्र, परवडतो. आम्हाला त्याची गरज नव्हती. आम्ही आणखी एक केलं : कॅमेऱ्यावर पांढऱ्या कापडाची पिशवी शिवून घातली. वापरताना काढायची, झालं की घालायची. मावशींनी शिवली आहे.

आता मागणं.

बसवून झाल्यावर सही घेण्याआधी एक चाचणी करा. तुमच्या मोबाइलचं डेटा वापरून, बाहेरून, एखाद्या सॉफ्टफोनमधून (इंटरनेटवरून फोन लावणाऱ्या अ‍ॅपमधून) गिऱ्हाइकाच्या पब्लिक आयपीवर थेट 100 च्या नावाने फोन लावा. आतला एकही फोन वाजता कामा नये, एकही टीव्ही उजळता कामा नये. वाजला तर काम पुरं झालेलं नाही. ही चाचणी गिऱ्हाइकासमोर करा आणि हँडओव्हरच्या कागदावर लिहा. जिथे आयपीव्ही6 (इंटरनेटचे नव्या पद्धतीचे पत्ते) दिलेलं असेल तिथे त्याही बाजूने करा, कारण तिथे यंत्राचा पत्ता थेट बाहेर दिसू शकतो आणि अडवायला फायरवॉलशिवाय काही नसतं.

राऊटरचा आणि फोनचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला आणि बंद लखोट्यात संस्थेला द्या. आमचा पासवर्ड ज्या मुलाकडे होता तो नोकरी सोडून गेला होता. स्वतःच्याच राऊटरमध्ये शिरायला आम्हाला तो पुसून पहिल्यापासून बसवावा लागला, आणि तोवर प्रसूतिगृहाचा फोन सहा तास बंद होता. राऊटरची नोंदवहीही चालू करून ठेवा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी जे निर्देश काढले, त्यात कंपन्यांनी आपल्या यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस जपायला सांगितल्या आहेत. कायद्याचं राहू द्या, पण नोंद असती तर आम्हाला पोलिसांना काहीतरी दाखवता आलं असतं. आमच्याकडे होता तो फक्त आमचा शब्द.

ज्यांना कारण माहीत नाही त्यांनी व्हायरस म्हणू नये. 'मला बघावं लागेल, उद्या सांगतो' म्हणा. गिऱ्हाईक थांबतं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवे फोन आणून लावले असते तरी त्याच उघड्या दारावर ते तितकेच वाजले असते, आणि देणगीचे पैसे गेले असते. आमच्याकडे तो पैसा कुठून येतो हे मी पावत्या फाडताना रोज बघते. पन्नास, शंभर, एकशे एक.

आणि जुन्या गिऱ्हाइकांकडे परत जा. एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) पुढच्या फेरीला धूळ पुसताना ही सेटिंग्ज बघा. 2020 आणि 2021 मध्ये टाळेबंदीच्या धावपळीत किती यंत्रं बसली, ती आठवा : शाळा, ट्रस्ट, सोसायट्यांची ऑफिसं, छोटे दवाखाने. त्यातल्या कितीतरी जणांना रात्री घंटी वाजते, आणि ते ती सहन करतात, कारण तक्रार कुठे करायची ते त्यांना कळत नाही. त्यांच्या हिशेबाने फोन बसवणारा माणूस म्हणजे तुम्ही. ते तुम्हालाच विचारणार.

तुमच्यातल्या नव्या मुलांपैकी कुणाला हे सगळं प्रत्यक्ष बघायचं असेल तर शनिवारी दुपारी तीन ते पाच मी प्रसूतिगृहात असते. गिरगावात कुणालाही विचारलंत तर दाखवतील. राऊटर, दोन्ही फोन आणि वरचं यंत्र उघडून दाखवेन, चहा होईल. येताना मोबाइलमध्ये सॉफ्टफोन टाकून या आणि बाहेर रस्त्यावर उभे राहून आमच्या पत्त्यावर फोन लावून बघा. काउंटरचा फोन वाजलाच, तर लगेच आत येऊन मला सांगा. आपण तिथेच बसून बघू.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
गिरगाव, मुंबई